चौथ्या मजल्यावरचा डेन्मार्क

मी एकदा एक लिफ्ट पाडली. बसवलेली नव्हे, मंजूर होत आलेली. डोंबिवलीतल्या एका चार मजली सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मी लिफ्टच्या बाजूने बोलायला उभा राहिलो, लोकांच्या डोळ्यांत पाणी आणलं, टाळ्या घेतल्या, आणि मी खाली बसेपर्यंत लिफ्टचा ठराव गेलेला होता. विरोधात बोलून ठराव कुणीही पाडेल. बाजूने बोलून पाडायला शिक्षण लागतं, आणि ते मी रीतसर घेतलेलं होतं.

ज्यांच्याकडून घेतलं ते सर त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायचे. लिफ्टची गरज त्यांच्याच घराला सगळ्यात जास्त होती. एवढं सांगितलं की माझं कर्तृत्व पुरेसं स्पष्ट होतं, तेव्हा आता सरांबद्दल बोलू.

सर ठाण्याच्या एका कॉलेजात संध्याकाळच्या एम.ए.ला आंतरराष्ट्रीय सामाजिक धोरण शिकवायचे. म्हणजे कुठल्या देशात म्हातारपणी माणसाला कोण सांभाळतं, बाळंतपणाची रजा कोण देतं, नोकरी गेली तर चूल कशी पेटते, आणि हे सगळं तिथे ठरलं कसं, याचा अभ्यास. मी तेव्हा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात माल पाठवण्याच्या खात्यात होतो. संध्याकाळी सुटून कल्याणला घरी जायचं आणि 'पुढे काय ठरवलंयस' हे आईचं वाक्य ऐकायचं, त्यापेक्षा कुठेतरी बसावं म्हणून या कोर्सचं माहितीपत्रक उघडलं. त्यात 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द होता. पुढचं मी वाचलं नाही. आईनेही वाचलं नाही. तिने टिटवाळ्याच्या मावशीला फोन करून सांगून टाकलं की हा आता जिनिव्हाला जाणार. मावशी म्हणाली, "जाऊ दे, पण डबा मिळतो का तिकडे ते आधी विचारून घे."

पहिल्याच तासाला सर म्हणाले, "येत्या रविवारी आपण अमेरिका आणि जर्मनी बघायला जाणार आहोत. सकाळी दहा वाजता."

मी हात वर केला. "सर, पासपोर्टची झेरॉक्स चालेल का?"

सर जराही हसले नाहीत. "आणा. डोंबिवली पूर्वेला आमचा वॉचमन फार कडक आहे."

अमेरिका आणि जर्मनी त्यांच्या इमारतीत निघाले. तळमजला अमेरिका, कारण 'मी जिना वापरत नाही, जिन्यातल्या दिव्याचा खर्च माझ्यावर का' असं तिथले रहिवासी दर सभेत विचारायचे. पहिला मजला जर्मनी. तिथली मंडळी वर्गणी वेळेवर भरायची, पावती घ्यायची, आणि जो भरत नाही त्याला टाकीतलं पाणी मिळू नये अशी त्यांची धारणा होती. दुसरा मजला इटली. तिथे म्हातारी माणसं, तान्ही मुलं, आजारपणं सगळं घरातली एकच बाई बघायची, त्यामुळे सोसायटीकडे त्यांची कधी काही मागणीच नसायची. तिसऱ्या मजल्यावर भाडेकरू बदलत राहायचे. तो देश सर परीक्षेत विचारत नसत.

"आणि चौथा मजला, सर?"

"आम्ही डेन्मार्क व्हायला निघालोय, म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांसाठी द्यायचं. अजून जिन्यात आहोत."

त्या रविवारी आम्हाला सोसायटीच्या सभेत मागच्या खुर्च्यांवर बसवलं होतं. हेच आमचं फील्डवर्क. दोन वर्षांत मी ठाण्यापासून बदलापूरपर्यंत इतक्या सोसायट्यांच्या सभा ऐकल्या, की अजूनही कुणी 'मागील सभेचे इतिवृत्त' म्हटलं की माझी पाठ आपोआप ताठ होते. सरांचं म्हणणं एकच. जगातली प्रत्येक संसद याच प्रश्नावर भांडते, की जे मी वापरत नाही त्याच्यासाठी मी का द्यावं. "फरक एवढाच," ते म्हणायचे, "की तिथे मधल्या सुट्टीत वेफर्स देत नाहीत."

सर स्वतः मात्र परदेशी कधी गेले नाहीत. एकदा कोपनहेगनच्या एका परिषदेचं निमंत्रण आलं होतं, जाण्यायेण्याच्या तिकिटासकट. गेले नाहीत. का, तर त्याच दिवशी सोसायटीची वार्षिक सभा होती. "परिषद माझ्यावाचून होते," ते म्हणाले. "इथे मी नसलो तर कोरम होत नाही."

बारीक अंग, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, आणि पायात धोतराच्या जमान्यात शोभतील असे पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांना ते 'चौथ्या मजल्याचे बूट' म्हणायचे. विद्यार्थ्यांना नावाने हाक मारायची त्यांना सवय नव्हती. माणूस ज्या स्टेशनावरून येतो ते त्याचं नाव. वर्गात एक मुंब्रा होती, एक कळवा होता, दोन दिवे होते, त्यांपैकी एक 'मोठा दिवा'. मी कल्याण. कल्याणकारी राज्य शिकवणाऱ्या माणसाने आपल्याला रोज कल्याण म्हणावं याचा मला सुरुवातीला अभिमान वाटायचा. पुढे त्यांनीच तो उतरवला. "नाव भौगोलिक आहे, कल्याण. मनावर घेऊ नका."

वर्गात दोन शब्दांना बंदी होती. 'गरजू' आणि 'बिचारा'. कुणाच्या तोंडून निघाला की त्याने सगळ्या वर्गाला वडे आणायचे. "बिचारा म्हटलं की त्या माणसाला काय हवंय ते विचारायचं राहून जातं," असं सर म्हणायचे. "आपल्याला द्यायला काय बरं वाटेल, तेवढंच सुचतं." मी हे वाक्य लिहून घेतलं, परीक्षेत दोनदा लिहिलं, चांगले गुण मिळवले. वडेही सगळ्यात जास्त मीच आणले.

दुसरं एक खूळ होतं. मिळते ती प्रत्येक सवलत सर घ्यायचेच. बसमध्ये ज्येष्ठांच्या जागेवर कुणी तरुण बसलेला दिसला की बाकी निम्मी बस रिकामी असली तरी ते त्याला उठवायचे, तिथे बसायचे, आणि पुढच्या थांब्यावर उतरायचे. मला लाज वाटायची. एकदा धीर करून म्हटलं, "सर, मागे जागा होती की."

"जागा होती हो. पण ही माझी होती. हक्क वापरला नाही की गंजतो."

हे वाक्य त्यांचं नव्हतं, काकूंचं होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

काकू म्हणजे सरांच्या पत्नी. एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. गोऱ्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी चहाचा कप माझ्या हातात देत विचारलं, "ह्यांनी तुला कुठला देश दिलाय?" मी म्हटलं, ब्राझील. "राजधानी?" मी रिओ म्हणालो. त्यांनी कप माझ्या हातातून परत घेतला, त्यात आणखी साखर घातली, आणि म्हणाल्या, "घे. मेंदूला लागते."

माझं दुसरं वर्ष चालू असताना काकू घरातच पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, काठी घेऊन सपाट जमिनीवर छान चालायला लागल्या, पण जिना बंद. डॉक्टरांनी 'शक्यतो टाळा' म्हटलं होतं आणि पायाने 'अजिबात नाही' म्हटलं. चौथ्या मजल्यावरून खालचं फारसं दिसत नाही. गॅलरीसमोर दुसऱ्या इमारतीची पाठ, तिच्या पाइपांवर कबुतरं. ज्या बाईने जन्मभर मुलांना नद्या आणि पर्वत दाखवले तिच्या वाट्याला कबुतरं आली.

तेव्हापासून सरांनी एक काम सुरू केलं. संध्याकाळी घरी आले की बूट सोडायच्या आधी दारातल्या स्टुलावर बसायचे आणि खालची खबर सांगायचे. भाजीवाल्याने आज गवार कशी लावली, कोणाच्या स्कूटरला कोणाचा धक्का लागला, कोपऱ्यावरच्या पाणीपुरीवाल्याने पाण्यात पुदिना वाढवलाय, गेटजवळच्या चाफ्याला कळ्या आल्यात. काकू भाजी निवडता निवडता ऐकायच्या, मध्येच उलटतपासणी घ्यायच्या. "स्कूटर लाल का निळी?" सर क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "निळी." मी समोर असायचो. ज्या माणसाने आकड्यामागचा स्रोत विचारून आमचे निबंध परत केले, तो माणूस एवढ्या आत्मविश्वासाने निळी म्हणायचा.

मी पास झालो आणि कल्याणमधल्या एका संस्थेत लागलो. काम देणगीदारांना पत्रं लिहिण्याचं. पहिल्या परिच्छेदात एक मूल, दुसऱ्यात त्याचे डोळे, तिसऱ्यात आमचा खाते क्रमांक. ज्या दोन शब्दांवर सरांनी बंदी घातली होती त्यांच्यावरच माझा पगार निघायचा. हे मी सरांना सांगितलं नव्हतं. मी 'संपर्क विभागात' आहे असं सांगितलं होतं.

आणि मग ती सभा आली.

लिफ्टचा विषय सोसायटीत वर्षानुवर्षं पडून होता. अडायचा तो तळमजल्यावर, भाऊंपाशी. इमारत उभी आहे ती जमीन एकेकाळी भाऊंच्या वडलांची भातशेती. बिल्डरने बदल्यात तळमजल्याची घरं दिली. भाऊ अंगाने दणकट, गळ्यात सोन्याची जाड साखळी, मनाने सरळ. त्यांचा मुद्दाही सरळच होता. "आमचे जमिनीवर बिल्डिंग, मी जमिनीवरच रेतो. मना लिफ्ट कनाला?"

सरांनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त सेक्रेटरींना सांगून ती सभा गच्चीवर ठेवायला लावली. भाऊ पाच जिने चढून आले तेव्हा त्यांना खुर्चीवर बसून बराच वेळ बोलता येत नव्हतं. खालून आणलेला चहा वर येईपर्यंत गार झाला होता, तो सगळ्यांनी बघितला. सर उभे राहिले आणि अगदी थोडं बोलले. सिलिंडर कोण वर आणतं. माहेरी बाळंतपणाला आलेल्या मुली कशा चढतात. टाकी धुणारे कुठून जातात. आणि शेवटी, "भाऊ, तुमच्या घरची सुकट वाळायला याच गच्चीवर येते. वहिनी टोपल्या घेऊन किती वेळा चढतात ते कधी विचारलंयत?"

भाऊंनी टॉवेलने मान पुसली. "तां पन हाय," ते म्हणाले. अमेरिका डळमळली होती. काकूंचं नावही सरांनी काढलं नव्हतं. सेक्रेटरी हात वर करायला सांगणार, एवढ्यात मी उभा राहिलो.

मला सरांनी बोलावलं होतं ते बघायला. स्पष्ट सांगितलं होतं, "मागे बसा, ऐका, बोलू नका." पण मला वाटलं, सर संकोची आहेत. स्वतःच्या घरचं दुःख स्वतःच्या तोंडाने कसं सांगतील? शिष्य कशासाठी असतो? सेक्रेटरींना वाटलं, हा संस्थेतला माणूस आहे, चांगलं बोलत असेल. त्यांनी माइक दिला.

"बंधूंनो आणि भगिनींनो," मी म्हणालो, "या क्षणी, आपल्या पायांखाली, एक माउली बसली आहे."

लोकांनी पायांखाली बघितलं.

मग मी सोडलं नाही. काठी आली, खिडकी आली, कबुतरं आली. बिचाऱ्या काकू आल्या, पुन्हा आल्या, परत आल्या. इटलीतल्या वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. जर्मनीसुद्धा नाक ओढू लागली. मी बसलो तेव्हा टाळ्या पडल्या आणि भाऊ उठले. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"आपन मानसा हाव का कोन?" ते म्हणाले. "काकी वर अरकून परलीय, आनि आपन लिफ्टचे हिशोब करताव? लिफ्ट यवाला वरीस जाल. काकीनी तवर काय कराचा? आमी हाव ना. चार खांदे देव आमी."

सेक्रेटरी खोकले.

"म्हंजे, जित्तेपनी," भाऊंनी दुरुस्ती केली. "खुर्चीन बसवून. खाली नेव, वर आनव. जवा बोलाल तवा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केवढा जिव्हाळा. कुणीतरी म्हणालं, मग लिफ्टची एवढी घाई नाही. कुणीतरी म्हणालं, पुढच्या वर्षी बघू. उचलण्याचा ठराव एकमताने पास झाला, आणि ज्याने हे मन जागं केलं त्या मला रविवारपुरता चौथा खांदा नेमण्यात आलं.

माइकचा आवाज चौथ्या मजल्यावर स्वच्छ जात होता हे मला खाली उतरल्यावर कळलं. काकूंनी दार उघडलं. "ये, माउलीच्या लेकरा," त्या म्हणाल्या. "मी बिचारी आहे हे मला आज स्पीकरवरून समजलं. बरं झालं. नाहीतर मी मटार सोलत बसले होते."

मी सरांकडे बघितलं. ते स्टुलावर बसून बुटाची नाडी सोडत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. "कल्याण," ते हळूच म्हणाले, "मी अख्ख्या इमारतीसाठी लिफ्ट मागत होतो. तुम्ही माझ्या बायकोसाठी खुर्ची मिळवलीत." मग जरा वेळाने, "वडे आणा."

मी वडे आणायला चार मजले उतरलो. तेव्हा मला तो ठराव पायांनी समजला.

पहिले काही दिवस काकूंनी साफ नकार दिला. "मी काय गणपती आहे उचलून न्यायला? आणि गणपतीला निदान वर्षातून एकदाच उतरवतात." भाऊंनी मात्र उत्साहाने घरातली सागवानी हातांची खुर्ची आणली, दोन बाजूंना बांबू बांधले, गावदेवीच्या पालखीला मारतात तशा गाठी मारल्या. सर त्या खुर्चीकडे बघत बसायचे. मग एके दिवशी काकूच म्हणाल्या, "अहो, मंजूर झालंय ना? मग चला. हक्क वापरला नाही की गंजतो." तेव्हा मला त्या वाक्याचा उगम कळला.

पहिली स्वारी रविवारी निघाली. पुढे भाऊ आणि सेक्रेटरी, मागे दुसऱ्या मजल्यावरचा एक तरुण, जो घरूनच कॉम्प्युटरवर नोकरी करायचा, आणि मी. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी व्हायची, काकू कठडा धरायच्या आणि आम्हाला दिशा सांगायच्या. "ईशान्येला घे रे, ईशान्येला." ईशान्य कुठे ते भाऊंना ठाऊक नव्हतं आणि मला सांगायची सोय नव्हती. सर मागून हातात काठी घेऊन उतरत होते.

खाली गेटजवळ खुर्ची टेकली. काकूंनी चष्मा पुसला, इकडे तिकडे बघितलं.

"चाफा कुठाय?"

गेटजवळ काँक्रीट होतं. रस्ता रुंद करताना चाफा कधीच तोडला होता. सर वर बघायला लागले, जसा काही तो तिकडे गेला असावा.

"परवा कळ्या आल्या होत्या ना?" काकू म्हणाल्या.

सरांनी मनगटाचं बटण तपासलं.

"गुरुवारी फुललाही होता."

"थोडा," सर म्हणाले.

आम्ही चौघं आपापल्या बुटांकडे बघत राहिलो. काकूंनी त्या काँक्रीटकडे एकदा नीट बघून घेतलं. मग त्यांनी हात पुढे केला, सरांनी काठी द्यायला हात लांब केला, तर त्यांनी काठी नाही, सरांचं मनगटच धरलं. "छान फुलवलात," त्या म्हणाल्या. "पण आता पुरे. आता माझं मी बघेन. कुणाला न विचारता खाली यायचंय मला, एवढंच."

खुर्चीने नेमकं तेच होत नव्हतं. खाली यायचं म्हणजे आधी चार माणसं जमवायची. त्यासाठी सेक्रेटरींनी फोनवर एक ग्रुप काढला. नाव 'काकू खाली-वर'. काकूंनी त्यात वेळ टाकायची, आम्ही अंगठा दाखवायचा. आणि काकूंनी वापर सुरू केला. दूध आणायला खाली. भिशीला खाली. हळदीकुंकवाला दोन इमारती पलीकडे. नवरात्रात टेंभी नाक्याची देवी बघायला गाडी ठरवली, त्यासाठी खाली, आणि देवीसमोर रांग मोठी होती म्हणून परत येईपर्यंत खुर्ची आणि आम्ही गेटवर तिष्ठत. दुसऱ्या मजल्यावरचा तरुण बॉसशी बोलता बोलता कानातलं यंत्र तसंच ठेवून बांबू उचलायचा. "सर, आय ॲम लिफ्टिंग समथिंग," असं तो एकदा जिन्यात म्हणाला. पलीकडून बहुतेक कौतुक झालं असावं.

महिनाभरात सेक्रेटरींनी ग्रुपवर विनम्र सूचना टाकली. कृपया काम आवश्यक असल्यासच कळवावे.

मी रविवारी गेलो तेव्हा सर दारातच उभे. चेहरा उजळलेला. मी त्यांना इतकं खूश फक्त एकदाच बघितलं होतं, मोठ्या दिव्याने न सांगता मूळ अहवाल वाचून आणला होता तेव्हा. "कल्याण, पात्रतेचे निकष आले," ते कुजबुजले. "कुणाची गरज खरी हे तपासण्यापर्यंत यायला इंग्लंडला किती काळ लागला, आठवतंय ना? आमच्याकडे एका महिन्यात."

"काकू काय म्हणाल्या?"

काकूंनी उत्तर ग्रुपवरच दिलं होतं. काम: पाणीपुरी.

यावर जी चर्चा झाली ती मी अजून जपून ठेवली आहे. पाणीपुरी आवश्यक आहे का. घरी आणून दिली तर चालेल का. सेक्रेटरींनी सुचवलं की दवाखाना, बँक आणि देवदर्शन एवढं निश्चित करावं. जर्मनीने दाखला मागावा असं म्हटलं. भाऊ ग्रुपवर लिहीत नसत, ते जिन्यातूनच ओरडले, "काकीला खावची तं खावदे." पण त्यांचाही एक हात कमरेवर होता.

शेवटी सेक्रेटरी वर आले. चांगले गृहस्थ, अवघडून उभे राहिले. "काकू, गैरसमज नको. दवाखान्याला कधीही सांगा. पाणीपुरीला म्हणजे जरा..."

काकू मेथी निवडत होत्या. "म्हणजे दवाखान्याला न्याल आणि पाणीपुरीला नाही," त्या म्हणाल्या. "मग मी आजारीच पडत जाऊ का? तसं सांगा, तसं पडते."

सेक्रेटरी खाली गेले. सर माझ्याकडे वळले. "दोन वर्षं शिकवत होतो मी हे तुम्हाला," ते म्हणाले. आणि मग बायकोकडे इतक्या कौतुकाने बघत राहिले की मी उगाच पेपर उघडला.

त्या रविवारी आम्ही काकूंना पाणीपुरीला नेलं. परत वर येताना तिसऱ्या मजल्याच्या वळणावर भाऊंनी "आय गं" केलं आणि बांबू भिंतीला टेकवला. खुर्ची अडकली, काकू अधांतरी, हातात शेवपुरीची पुडी. "भाऊ, लागलं का?" त्यांनी विचारलं. "नाय काकी, तुमी बसा," भाऊ भिंतीला धरून म्हणाले. मग दात आवळून बाकीचे जिने चढवले. काकूंनी पुडी त्यांच्या हातात दिली. खाली जाऊन भाऊंनी सेक्रेटरींचं दार वाजवलं.

पुढची सभा भाऊंनी बोलावली. तळमजल्याच्या पॅसेजमध्ये, कारण गच्चीवर चढणं त्यांना शक्य नव्हतं. "काकीचा नाव काराचा नाय," ते कमरेच्या पट्ट्यावर हात ठेवून म्हणाले. "लिफ्ट मना पायजे. मना." तरुणालाही पाहिजे होती, सेक्रेटरींनाही पाहिजे होती. कुणी भाषण केलं नाही. मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो आणि सरांनी माझ्या बाजूची खुर्ची घेतली होती. बहुतेक पहारा म्हणून.

लिफ्ट झाली त्या सकाळी फीत लावली होती, पेढे होते. ती सागवानी खुर्ची बांबू सोडून पुन्हा माणसांत आली होती, तिच्यावर सर बसले होते. सेक्रेटरींनी सवयीने म्हटलं, "कल्याणहून आलेत, दोन शब्द बोलतील."

"याचे हातान माइक देव नको," भाऊ म्हणाले. "यो बोलला का आमाला काय तरी उचलाला लागतं."

लोक हसले, मीही हसलो. मग पहिलं बटण काकूंनी दाबावं असं ठरलं आणि मी त्यांना आणायला धावलो. चौथ्या मजल्यावर दाराला बाहेरून कडी. हाका मारल्या. गच्चीवर गेलो, तिथे सुकट. माझ्या डोळ्यांसमोर काय काय आलं ते सांगत नाही, ते सगळं माझ्या पत्रांच्या दुसऱ्या परिच्छेदातलं होतं. मी जिन्यातूनच ओरडलो की काकू घरात नाहीत. खाली धांदल उडाली. भाऊ पट्टा सावरत गेटकडे निघाले. सर तेवढे खुर्चीत बसून होते, बुटाची नाडी बांधत.

तेवढ्यात गेटमधून काकू आल्या. काठी टेकत, सावकाश, हातात पिशवी, पिशवीतून कोथिंबीर बाहेर. फीत बांधायच्या आधीच त्या लिफ्टने उतरल्या होत्या.

"काय खबर?" सरांनी विचारलं.

"पाणीपुरीवाल्याच्या शेजारी चाफ्याचं रोप विकायला बसलाय एकजण," त्या म्हणाल्या. "सांगून ठेवलंय त्याला."

मी पाच मजले उतरून आलो होतो. "काकू," मी म्हटलं, "निदान कुणाला सांगून तरी जायचंत."

काकूंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे उघड्या उभ्या असलेल्या लिफ्टकडे, मग मी ज्यावरून धावत आलो त्या जिन्याकडे.

"सांगून जायचं असतं तर खुर्ची काय वाईट होती?" त्या म्हणाल्या. आणि सरांकडे वळल्या. "याला पास तुम्ही केलंत?"